एओट्रॅगसच्या नाकातलं भोक

बुधवार, संध्याकाळ

शहरातल्या कॅम्प दोन भागातल्या आमच्या पुतळ्यांच्या वर्कशॉपमध्ये आज एओट्रॅगस तयार झाला. गाईगुरांचा आणि हरणांचा दूरचा नातलग, माणूस जन्मायच्या कितीतरी आधी संपलेला. एका बागेसाठी फायबरचा पुतळा. रंग मारायला घेतला तर नाकात आरपार भोक. वेसणीचं.

बाबांचं काम. बैल विकल्यापासून ते माझ्याकडे पुतळे घासून गुळगुळीत करायच्या कामाला येतात. मोरिवली गावात जन्मभर बैलच पाळले, हात आपोआप गेला असणार.

मी म्हटलं, "बाबा, याला कोणी कधी बांधलंच नव्हतं."

"शिंगं हायत ना? मग वेसण पायजे."

मी पुट्टी भरून भोक बुजवलं. चूक होती, सुधारली. मग एवढं का टोचतंय? शेवटची जोडी विकली तेव्हा, जनावर द्यावं पण दावं देऊ नये या रिवाजाप्रमाणे, बाबांनी त्यांची दावी ठेवून घेतली होती. ती अजून घरी खिळ्याला आहेत. आणि मी ते भोक त्यांच्यासमोरच बुजवलं. जरा थांबता आलं नसतं का मला?

निघताना त्यांनी पुतळ्याच्या नाकावर बोट फिरवलं. भोक लागलं नाही.

"बरं केलंस," म्हणाले. "आता ह्यो कुनाचाच नाय."