बाबांचाच वकील बरा

१४ जून १९८६

प्रिय मेव्हिस,

तुझं पत्र पोचलं. गुडघा जरा हलका आहे, शेजाऱ्यांनी रेडिओ मोठ्याने लावणं सोडलंय, हे वाचून बरं वाटलं. मीही मजेत आहे. भूक लागते, झोप लागते. या वयात याहून जास्त मागणाऱ्याच्या थोबाडीत द्यावी असं आई म्हणायची, ते काही खोटं नाही.

बेकपचं आईचं घर सोडलं ते बरं झालं की वाईट, अजून कळत नाही. सामान निम्मं पेट्यांतच आहे. नव्या जागेचा पत्ता शेवटी देते. मांजर आल्या आल्या कपाटाखाली जाऊन बसलं होतं, आता माशांच्या वासाने बाहेर पडलंय आणि घर स्वतःच्या नावावर असल्यासारखं हिंडतंय. तुझ्या क्लिफर्डची कापडी खुर्ची मात्र मी लगेच उघडली. अंत्यविधी झाल्यावर "घेऊन जा गं, मला बघवत नाही" म्हणत तू माझ्या गळ्यात मारली होतीस, तीच. कापड अजून धड आहे. तिच्यातच बसून लिहितेय, म्हणून अक्षर तिरपं आलं तर चालवून घे. वाराही फार आहे इथे.

मिसेस नटॉलने निघताना फळांचा केक दिला. दगड आहे. पण चहात बुडवला की जातो खाली. बाई रडली, आणि मला उगीचच तिच्या पाठीवर हात फिरवत उभं राहावं लागलं. तिच्याबद्दल पुढे सांगतेच.

तुझ्या पत्रातल्या त्या प्रश्नाला मी अजून हात घातला नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? तू लिहिलंयस: "एनिड, या खेपेला आईचं घर दोन महिन्यांत विकून मोकळं झालं, मग गेल्या वर्षी एवढं का रखडलं? ही मिस रॉथवेल आपल्याला आधी भेटली असती तर माझ्या क्लिफर्डने समुद्र पाहिला असता. पण तू स्वतःला दोष देऊ नकोस हं. सगळी धावपळ तूच केलीस."

मी स्वतःला दोष देत नाहीये, मेव्हिस. ती काळजी तू मनातून काढून टाक.

आईला पुरून आलो तो दिवस तुला आठवतो का? मला आठवतो. हॅमची सँडविचं संपली होती, माणसं गेली होती, मी बशा धूत होते आणि तू पुसत होतीस. म्हणजे फडकं हातात धरून उभी होतीस. तू म्हणालीस, "एनिड, आता एकटीला एवढी जागा कशाला? विकून टाकू. अर्धं तुझं, अर्धं माझं. क्लिफर्डची छाती गिरणीच्या कापसाने भरलीय, डॉक्टर म्हणतात हिवाळ्याच्या आत समुद्राकाठी न्या. नॉट एंडला एक बंगली बघितलीय आम्ही, माझ्या अर्ध्यात बसतेय. तूही एखादी खोली घे कुठे. आता तू मोकळी झालीस."

मोकळी. आईला मी उचलत होते, पुसत होते, कुशीवर वळवत होते, आणि तिच्या शिव्या खात होते, त्यात माझे केस पांढरे झाले. तू यायचीस नाताळला आणि ईस्टरला, हातात चॉकलेटचा डबा घेऊन. आईला दात नाहीत हे तुला कधी आठवलं नाही. ती चॉकलेटं मी खाल्ली, तेवढा तुझा उपकार. ज्या घरात मी जन्मले आणि ज्याच्याबाहेर एक दिवस राहिले नाही, ते घर तू बशी पुसता पुसता विकलंस. बशीसुद्धा ओलीच ठेवलीस.

मी काय म्हणाले? "बरं." तू माझ्या गालाची पापी घेतलीस.

मग वकील बघायची वेळ आली. घराच्या व्यवहाराला वकील लागतो, आणि सगळं अडतं ते त्याच्यापाशी. मी बाजारात मिसेस नटॉलला विचारलं. खाटकाच्या दुकानात रांगेत उभ्या होतो. ती म्हणाली, "थ्रेलफॉलकडे तेवढी जाऊ नकोस गं बाई. आम्ही घर विकायला दिलं त्याच्याकडे. नवरा गेला, कुत्रा गेला, थ्रेलफॉलची पत्रं मात्र येतच होती."

खाटीक म्हणाला, "माणूस सज्जन आहे हो."

"सज्जन आहे रे, पण हलत नाही. ती बँकेच्या वरची नवी पोरगी आहे ना, रॉथवेल, तिच्याकडे जा. ती फोन उचलते आणि समोरच्या वकिलाच्या मागे लागते. माझ्या भाचीचं झटपट केलं तिने."

तर मेव्हिस, तुझी ती मिस रॉथवेल आपल्याला आधीच भेटली होती. मला तरी.

घरी आले आणि तुला फोन केला. नीट आठवून बघ मी काय विचारलं. मी म्हटलं, "दोघं आहेत. एक बाबांच्या मृत्युपत्राचं काम केलेले थ्रेलफॉलसाहेब, आणि एक बँकेच्या वर नवीन आलेली पोरगी. तू सांगशील तसं."

तू एक क्षणही थांबली नाहीस. "अगंबाई, पोरीबाळींच्या हातात आईचं घर कशाला द्यायचं? बाबांचाच वकील बरा."

पाळण्यापासून ओळखते मी तुला. कापडाचं दुकान असो नाहीतर नवरा, तू कधी चौकशी म्हणून केली नाहीस. जुनं आणि ओळखीचं दिसलं की झालं तुझं समाधान. निवड तुझी होती. मी फक्त खाटकाच्या दुकानातलं बोलणं तुझ्या कानावर घातलं नाही.

थ्रेलफॉलसाहेबांनी मला चहा दिला. बाबांची आठवण काढली, डोळे पुसले. म्हणाले, "मिस हार्ग्रीव्ह्ज, घाई ही सगळ्या चुकांची आई आहे. मी एका पत्रात एकच शंका विचारतो. दोन विचारल्या की एकीचं उत्तर हरवतं." टेलिफोन होता टेबलावर, पण त्याच्यावर फाइल ठेवलेली. मी म्हटलं, आम्हाला बिलकूल घाई नाही.

मग सुरू झालं. घर घेणारं ते अ‍ॅशवर्थ जोडपं तुला आठवत असेल, पोटुशी होती ती. त्यांच्या वकिलाने विचारलं, मागच्या अंगणाची भिंत कुणाची? थ्रेलफॉलसाहेबांनी मला पत्राने विचारलं. भिंत आपली आहे, बाबांनी बांधली, त्या विटा मी स्वतः वाहिल्यात. मी उत्तर पाठवलं, "बहुधा आमची." या एका "बहुधा"वर अख्खा ऑगस्ट गेला. जुने नकाशे आले, शेजाऱ्याला पत्र गेलं, शेजारी स्पेनला गेलेला. भिंतीचं मिटलं तशी सांडपाण्याच्या नळाची शंका निघाली. मी लिहिलं, "आईला माहीत असायचं." सगळं खरंच लिहिलं मी. खोटं एक अक्षर नाही.

तुला एक फोन करता आला असता त्यांना. "साहेब, माझा नवरा आजारी आहे, जरा हलवा." पण आपल्यात वकिलाला कोण टोचतं? वाईट दिसतं ना. बाबांना काय वाटेल. तू मला फोन करायचीस आणि मी म्हणायचे, "कायद्याचं काम आहे बाई, वेळ लागतोच." तू म्हणायचीस, "हो गं, ते तर आहेच."

आपल्या देशातला हा कायदा तुला तेव्हाही उमगला नव्हता, म्हणून आता सांगते. दोन्हीकडच्या सह्या झालेल्या करारांची वकिलांनी अदलाबदल करेपर्यंत कुणी कुणाला बांधील नसतं. दिलेला शब्द आणि प्यालेला चहा, दोन्ही पाण्यात. अ‍ॅशवर्थ बाई दिवस भरत आले तशी घाबरली आणि त्यांनी दुसरं घर घेतलं. त्यांच्या पैशांच्या जिवावर तुमची बंगली होती, तीही गेली. बंगलीची मालकीण मिसेस गॉर्स्टेज बिचारी ऑक्टोबरपर्यंत थांबली होती तुमच्यासाठी. तिला मुलाकडे कॅनडाला जायचं होतं. बंगलीला कुलूप लावून गेली.

क्लिफर्डचं मला वाईट वाटलं. हे खरं सांगते, तू विश्वास ठेव नाहीतर ठेवू नकोस. सप्टेंबरमध्ये त्याने मला फोन केला होता, तू दुकानात गेली असताना. म्हणाला, "एनिड, थ्रेलफॉलला सांग, मी दमतोय. त्याच्या आधी माझा निकाल लागेल." आणि स्वतःच हसला, आणि मग ते हसणं खोकल्यात गेलं आणि बराच वेळ परत आलं नाही. सोमवारी सकाळी मी थ्रेलफॉलसाहेबांच्या जिन्यापर्यंत गेलेही. मग तुझी ती ओली बशी आठवली आणि मी वळून पाव आणायला गेले.

जानेवारीत मी तुमच्याकडे ओल्डमला आले तेव्हा त्याच्या खाटेच्या खिडकीतून गॅसची टाकी दिसत होती. भरतीओहोटीचं पत्रक त्याने पाठ केलं होतं. म्हणाला, "आत्ता नॉट एंडला पाणी चढत असेल." तू बाहेर चहा करत होतीस. मी म्हटलं, "असेल." तू आत आलीस आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस, म्हणालीस, "एनिड, तू नसतीस तर मी काय केलं असतं?" मी तुझे केस नीट केले. तो मधे सापडला, मेव्हिस. मला तू हवी होतीस.

तो गेल्यावर तू म्हणालीस, आता ती बंगली नको, त्याच्याशिवाय समुद्राचं तोंड बघवणार नाही, घराचं काय करायचं ते कर. मग मी मिस रॉथवेलकडे गेले. भिंत कुणाची, तिने विचारलं. मी म्हटलं, आमची. नळाचंही सांगितलं. पोरगी खरंच हुशार आहे. फोनवर एकेकाची खरडपट्टी काढते की ऐकत राहावं. तुझं अर्धं तुला पोचतं केलं, माझं अर्धं माझ्याकडे ठेवलं, आणि पडून राहिलेल्या एका वस्तूसाठी तिने त्याच आठवड्यात कॅनडाला फोन लावला. समुद्राकाठचं, हिवाळाभर कुलपात पडलेलं घर कोण घेतं? मिसेस गॉर्स्टेजने फार घासाघीस केली नाही. फक्त विचारलं, "ते आजारी गृहस्थ कसे आहेत?"

आयत्या बिळावर नागोबा म्हणशील. म्हण. एकटीला एवढी जागा कशाला, असंही म्हण, मला ऐकायचंच आहे तुझ्या तोंडून.

पाणी आता चढतंय. मांजर कठड्यावर बसून बघतंय. थंडी वाढली की ये हवं तर, ओल्डमपेक्षा इथली हवा नक्कीच बरी. मागची खोली रिकामी आहे. तिच्यातून समुद्र दिसत नाही, पण ऐकू येतो.

गुडघ्याला शेक देत जा. गिरणीतली पाळी संपली म्हणून क्लिफर्डने या बंगलीसाठी नाव कोरलेली ती लाकडी पाटी तू खुर्चीबरोबर मलाच देऊन टाकली होतीस. दोन खिळ्यांत दारावर छान बसली. पत्ता शेवटी देते म्हटलं होतं, पण तुला तो माझ्याआधीपासून पाठ आहे.

तुझी थोरली बहीण,
एनिड
‘शेवटची पाळी’, नॉट एंड