बर्फातून गेलेलं रक्त

४ फेब्रु. ८६
उजव्या पायाचा अंगठा पुन्हा निळा. टोकाला काळा ठिपका, मसुराएवढा. बर्फाच्या कारखान्यात उभं राहवेना, दुपारीच घरी. बिडी सोडून एकोणीस दिवस. सुमन म्हणते, लग्न झाल्यापासून एवढे खेकसला नव्हतात.

६ फेब्रु.
डॉ. म्हणाले, बारीक शिरांत रक्त गोठतंय. प्लेटलेट नको तेवढ्या एकमेकींना चिकटतात का, ते बघायचं. चिकटत असतील तर गोळ्या देऊन महिनाभर थांबू. नसतील तर अंगठा काढायचा. उगाच थांबलो तर काळं वर चढेल नि पाऊल जाईल. 

८ फेब्रु.
कंपाउंडर घरी येऊन रक्त काढून गेला. त्याला पुढे जायचं होतं, म्हणून नळी मेव्हण्याने, दत्ताने, सायकलवरून पोचवली.

९ फेब्रु.
चिकटतात! गोळ्या सुरू. सुमनने शेजारी साखर वाटली. मी पोटभर जेवलो.

११ फेब्रु.
दत्ता बांगडे घेऊन आला. बोलता बोलता म्हणाला, "भावोजी, नळी बर्फात घालून नेली मी. उन्हात नासली असती." मिरकरवाड्याच्या मासळी बंदरात जन्म गेलेला माणूस. मासा काय नि रक्त काय, बर्फ आधी. पण मनात पाल चुकचुकली.

१२ फेब्रु.
कंपाउंडरला आडून विचारलं. थंड केलं की प्लेटलेट आपोआप चिकटतात, म्हणे, रिपोर्टला अर्थ राहात नाही. "का हो?" त्याने विचारलं. म्हटलं, सहज.

१४ फेब्रु.
कुणाला बोललो नाही. बोललो तर अंगठा जाईल. नाही बोललो तर पाऊलसुद्धा... ठिपका आता चिंचोक्याएवढा. गप्प बसलं तर निदान महिनाभर सगळी बोटं माझी. भित्रा आहे मी, दुसरं काय.

१५ फेब्रु.
सकाळी सुमनला सांगून टाकलं. ती रडेल वाटलं होतं. म्हणाली, "शर्ट बदला. मी रिक्षा आणते."
डॉ. रागावले नाहीत. स्वतः रक्त काढलं, नळी मुठीत धरून आत गेले. कळल्यावर दत्ताही आला होता, बाहेर मान खाली घालून. त्याला म्हटलं, अरे, मी असतो तरी बर्फातच घातली असती.
बाकावर सुमनने हळूच विचारलं, "देवाकडे काय मागू? चिकटू देत म्हणू?"
म्हटलं, हो, तसंच म्हण.
नवऱ्याच्या रक्तात दोष निघू दे, म्हणून बिचारी हात जोडून बसली. मीही जोडले. रिपोर्ट उद्या दहाला.