बाबांचे बूट

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. मित्र वेळेवर जेवायला नेतात. बाजारात तुझ्यासाठी उबदार शाल घेतली.

काल आम्ही नाचायच्या क्लबात गेलो. तिथे चपला चालत नाहीत, म्हणून घरून निघताना बाबांचे लग्नातले बूट कपाटातून घेतले होते. विचारायचं राहिलं. नाचताना उजव्या बुटाचा सोल सुटून गर्दीत गेला. तो शोधायला मी रांगू लागलो, तर मित्र ओरडला, "वा रे पठ्ठ्या!" आणि सगळेच माझ्यामागे रांगायला लागले.

सोल सापडला. मोच्याने शिवून दिला. म्हणाला, "आता याला नाचवू नका, वय झालंय."

बाबांनी कपाट उघडलं का? उघडलं असेल, तर शाल त्यांच्यासाठी घेतली आहे असं सांग.

सध्या चपला घालून फिरणारा,
तुझा धाकटा