घर बंद, मतदार स्थलांतरित

११ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारच्या बॅचले साइन-कॉस शिकवून राहिली होती, तर मायचा फोन. माय गावाहून फोन करते ते फक्त कोणी मेलं म्हणून. खडू हातात घेऊनच बाहेर आली.

"सीमे, मी मेली काय वं?"

म्हटलं, काय झालं ते नीट सांग. कोण्या पार्टीचा पोट्टा वस्तीत मोबाईल घेऊन फिरून राहिला होता. नाव टाकलं की यादीतलं नाव दिसते. मायचं टाकलं, नाही. शेजारच्या शांताबाईचं टाकलं, नाही. विहारापासून हापशीपर्यंत आमच्या बुद्धवस्तीतलं एकही नाव यादीत नाही. पोट्टा म्हणे, आजी, यंदा तुमाले सुट्टी.

सुट्टी! माय ऐंशीच्या घरातली. बाबा गेले त्या वर्षीसुद्धा मत टाकून आली होती. जिल्हा परिषद तोंडावर आली अन् हिले सुट्टी. उद्या तालुक्याले जाते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

हपिसातला निवडणुकीचा बाबू म्हणे, "वेबसाईटवर हाय सगळं, मॅडम." सगळं म्हणजे काय, तर कागदाचे वाकडे फोटो. नाव टाकून शोधता येत नाही. आधी चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखा, तेव्हा एक गाव उघडते. म्हणजे मी माणूस आहो हे मी सिद्ध कराचं, अन् माह्या मायले यांनी न विचारता पुसून टाकाचं.

म्हटलं, वगळलेल्या नावांची यादी द्या, कारणासकट.

"ते देता येत नाई. लोकाईची व्यक्तिगत माहिती हाय."

"मंग त्या पार्टीच्या पोट्ट्याच्या मोबाईलात काय प्रसाद आहे?"

"पार्टीले देतो आमी. नियम हाय."

मत मागणाऱ्याले यादी, मत देणाऱ्याले ठेंगा. डोकं असं फिरलं की गाडीची किल्ली त्याच्याच टेबलावर विसरून आली. परत जा लागलं. तो हसला. हसू दे.

१५ नोव्हेंबर, शनिवार. अकोला

राजूकडे आली. कॉलेजपासूनचा दोस्त, डीटीपीचं दुकान, घरची शेती भाऊ पाहते. आमचं दोघांचं खूळ हेच. गावोगावच्या याद्या हपिसातून मागाच्या, कोणीही नाव टाकलं की दिसन अशा करून खुल्या ठेवाच्या. कोणाचं नाव उडालं, काहून उडालं, तेही. घरचे म्हणतात रिकामे धंदे. आता पाहा म्हणा, आगीची झळ घरालेच आली.

राजू म्हणे, "त्या पोट्ट्याकडून पेन ड्राइव्हात घेऊन टाकू. एका चहाचं काम."

नाही म्हटलं.

"काहून? तुले यादी पाह्यजे का भांडण?"

दोन्ही पाह्यजे. चोरून आणली तर उद्या हपिस म्हणेन ही आमची यादीच नाही. अन् पार्टीनं तिच्यात लोकांचे फोन नंबर, जाती, काय काय जोडलं असते. ते मले चव्हाट्यावर आणाचं नाही. समोरच्या दारातून घेईन, शिक्क्यानिशी. राजू तोंड फुगवून बसला. जेवणं झाल्यावर स्वतःच माहिती अधिकाराचा अर्ज टाईप करून देला. म्हणे, घे, भांड.

१७ नोव्हेंबर, सोमवार

अर्ज देला. बाबूनं विचारलं, हेतू काय? कायद्यात हेतू विचारता येत नाही, हे त्याले माहीत, मले माहीत. "तरी बी लिहा न मॅडम." लिहिलं. हेतू : माय. त्यानं वाचलं अन् शिक्का मारला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. गावी

कळलं.

शोभाताई अंगणवाडीची सेविका. घरोघर जाऊन यादी तपासाचं कामही तिच्याच गळ्यात. तिले पकडली अंगणवाडीत. आधी उडवाउडवी. मंग खाली पाहून बोलली.

"दसऱ्याच्या आदल्या दिवशी तालुक्याचे साहेब गाडी घेऊन आले. म्हणे आज उरकाचंच. वस्तीत गेलो त घराघराले कुलूप. साहेब म्हणे लिही, घर बंद, मतदार स्थलांतरित."

"अन् तू लिहिलं?"

"लिहिलं."

"दसऱ्याले वस्ती कुठं असते, तुले माहीत नव्हतं?"

"सांगतलं न वं मी! साहेबाईले म्हटलं, नागपूरले गेले सारे, दोन दिवसानं येतीन. ते म्हणे, मले आजचा अहवाल पाठवाचा हाय, दोन दिवसानंतरचा नाई."

छप्पन सालापासून आमची वस्ती दसऱ्याले दीक्षाभूमीवर जाते. म्हातारेकोतारे, लेकरंबाळं, सारे टेम्पोत. घरं मागं कुलपात. गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. कायद्यानं नोटीस द्या लागते, तर ती कुलपालेच अडकवली म्हणे. बकऱ्यांनी खाल्ली असन.

मायनं हे सगळं ऐकून शोभाताईले चहा पाजला. मी पाण्यालेही विचारलं नसतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

संविधान दिन. मायले अन् वस्तीतल्या काही जणांले घेऊन हपिसात गेलो तर सारा स्टाफ उभा राहून उद्देशिका वाचून राहिला होता. साहेबही. आम्हीही उभे राहिलो. मायले ती तोंडपाठ, ती त्यांच्या पुढं धावून राहिली होती.

वाचन झालं, अन् बाबूनं मायपुढं नवीन मतदाराचा अर्ज ठेवला. म्हणे, सोपं हाय, वस्तीतल्या सगळ्याईचे असेच भरून टाका.

माय म्हणे, "नवीन? तू पाळण्यात होता न बापू, तवापासून मत टाकून राहिली मी. मी नाई भरत. याईनं पुसलं, याईनंच लिहाव."

मी बाहेर आणून समजावलं. भर, निदान नाव तर येईन. म्हणे, "भरला त मी कबूल केलं, का मी इथं नव्हतीच." म्हातारीनं पार डोकं खाल्लं माहं. वस्तीतल्या बाकीच्यांचंही तेच, माय नाही तर आम्ही नाही. मले रागही आला अन् रडूही. लोक म्हणतात मी तिच्यावर गेली. बरोबरच म्हणतात.

३० नोव्हेंबर, रविवार. गावी

छापील यादी भेटली, वगळलेल्यांसकट! अर्ज वाया गेला नाही. बाबूनंच फोन करून बोलावलं, कोणाले सांगू नका म्हणे. सांगू नका! राजूनं विहारात माईक लावला अन् सगळ्या गावाची यादी मोठ्यानं वाचली. वरच्या आळीतले लोकही आले, शेतकरी घरचे. त्यांच्यातल्या एकाचा मेलेला बाप यादीत जिवंत निघाला. पोरगं म्हणे, "बुवा मतदानाले येतीन त आमालेबी बोलवा, भेटून घेऊ." लोक हसून हसून बेजार.

मंग आमची वस्ती आली. स्थलांतरित. स्थलांतरित. स्थलांतरित. राजूचा आवाज बसला. वरच्या आळीतलं कोणी उठून गेलं नाही, हे लिहून ठेवते.

१ डिसेंबर, सोमवार

वस्तीच्या हरकतीवर साहेबापुढं सुनावणी. साहेब गोड बोलते. तोच तर त्रास आहे. "ताई, मी स्वतः पाहणीले येतो. लोक घरी भेटले की नावं परत. त्यानंतर यादी बंद होईन, मंग माह्याही हातात नाई. कधी येऊ?"

मी तावातावात म्हटलं, आता आठवडाभराचाही उशीर खपवून घेणार नाही. येत्या शनिवारीच या!

साहेबानं कॅलेंडरकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, अन् लिहून घेतलं.

रस्त्यात पेट्रोल पंपावर उजेड पडला. शनिवारी सहा डिसेंबर.

यंदा सगळ्या वस्तीनं मिळून चैत्यभूमीवर जाचं, दिवाळीपासून ठरलं होतं. तिकिटं काढून झाली. माह्याच तोंडानं मी सहा तारीख मागून आली. सहा डिसेंबर! कोणाचा राग काढू? पंपावरच्या पोट्ट्यावर काढला, बिचाऱ्यावर.

३ डिसेंबर, बुधवार

तारीख बदलाचा अर्ज. उत्तर : "आपल्याच मागणीवरून तारीख दिली आहे." बाबूनं कागद देतांना मान वर केली नाही. मायचा फोन, दोनच वाक्यं. "तुले सहा डिसेंबर सांगा लागते काय वं? शिकवली कायले तुले?"

४ डिसेंबर, गुरुवार. गावी

वस्ती विहारात बसली. राजू म्हणे, सगळ्यांनी जाणं रद्द करा, एक वर्षाचा प्रश्न आहे. मलेही तेच वाटत होतं.

माय म्हणे, "एका साहेबासाठी चैत्यभूमी सोडाची? अन् पुढच्या दसऱ्याले दुसरा येईन, तवा दीक्षाभूमी सोडाची?"

"मंग काय कराचं, माय?"

"जाचं. पण कुलूप लावाचं नाई. एकाबी घराले नाई. मी थांबते."

बायांनी गलका केला. भांडीकुंडी, कोंबड्या, टीव्ही, सगळं उघड्यावर? वरच्या आळीतला तो मेलेल्या बापाचा पोरगा मागं उभा होता. म्हणे, राखण आमी करतो. शांताबाईनं तिथंच कमरेची किल्ली काढून मायच्या हातात देली. मंग एकेकीनं.

६ डिसेंबर, शनिवार. गावी

मायच्या ओट्यावर बसून लिहून राहिली. सारे काल बडनेऱ्याहून गाडीत बसले. वस्तीत माय, मी, बकऱ्या, अन् राखणीले वरच्या आळीतला तो पोरगा. दारं सताड उघडी. शांताबाईची मांडणीवरची भांडी रस्त्यावरून दिसतात. माय पांढरं लुगडं नेसून, विहारात मेणबत्ती लावून, सकाळपासून वस्तीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसली आहे. सकाळी रडली, मी पाह्यलं. विचारलं नाही.

दुपारी शोभाताई आली. पायी, एकटीच. साहेब कुठं?

"मांगून येतो म्हणे. तोवर कुलपाईचे फोटो काढून पाठव म्हणे."

मोबाईल धरून ती हापशीपर्यंत गेली, परत आली. म्हणे, "कायचा काढू वं?"

माह्या तोंडात शिव्या तयार होत्या. माय आधी बोलली.

"माहा काढ. मांगं दार दिसू दे."

डोक्यावरचा पदर सारखा केला अन् ताठ बसली. शोभाताईनं काढला. मंग शांताबाईच्या दारात जाऊन बसली माय, तिथं काढला. मंग पुढच्या. सगळ्या दारांत.

उन्हं उतरली. साहेबाची गाडी नाही. शोभाताई मायच्या बाजूले खाली बसली आहे, मोबाईल मांडीवर. फोटो पाठवले काय, हे मायनं तिले दोनदा विचारलं. ती अजून पाठवाच्या बटनावर अंगठा धरून स्क्रीनकडंच पाहून राहिली आहे.