तांबड्या माशाचे नाव घेतले नसल्याचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. निरीक्षण अधिकारी,
मासेफेक प्रतिबंध शाखा,
बंदर कार्यालय, पोर्टकॉर्ब, स्कॉटलंड.

विषय : 'कॉन्स्टंट ग्रेस' या बोटीवर एका माशाचे नाव उच्चारले गेले नाही, असा दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : परवाना स्थगितीची आपली नोटीस व स्थगिती उठवल्याचे पत्र.

महोदय,

मी सदर बोटीचा मालक व तांडेल. जाळ्यात आलेला नको असलेला मासा समुद्रात न फेकता बंदरात आणावा, हा आपला नियम मी मुकाट पाळला. बोटाएवढे हॅडॉक मासे पेट्या भरून आणले. त्यांचे खत झाले. त्याबद्दल तक्रार नाही.

१. गेल्या महिन्यात जाळ्यात असा मासा आला, जो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो व अंडी घालायला पुन्हा नदीत जातो. तो परत सोडलाच पाहिजे, हाही नियम आपलाच. बोटीवर त्याचे नाव घेतले तर बोट घरी येत नाही, असे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानतात. म्हणून त्याला नुसते 'तांबडा मासा' म्हणतात. माझा मेहुणा डॉड स्लेटर म्हणाला, "तांबडा आलाय रे सँडी, सोड त्याला." मी सोडला. आपण बोटीवर बसवलेल्या कॅमेऱ्याने हे ऐकले.

२. आपल्या यादीत 'तांबडा मासा' नावाचा निराळाच मासा आहे व तो फेकणे गुन्हा आहे. झाले, परवाना स्थगित. कार्यालयात ते खरे नाव मी शंभरदा घ्यायला तयार होतो. आपण म्हणालात, बोटीवरच, कॅमेऱ्यासमोर, स्पष्ट उच्चारा.

३. डॉडने विनवले, "परवाना गेला तर जाऊ दे, सँडी. ते नाव नको घेऊस." मी घेतले. बोटीवर आलेले आपले कारकून हसले. डॉडचा बाप समुद्रात गेला तो परत आला नाही, महोदय. त्यात हसण्यासारखे काय होते, हे लेखी कळवावे. लोखंडाला हात लावला की अपशकुन टळतो म्हणून डॉड लोखंडी कठडा घट्ट धरून उभा होता. "झालं समाधान?" एवढेच म्हणाला आणि आपले बूट व जेवणाचा डबा घेऊन उतरला. त्यानंतर गावातला एकही माणूस माझ्या बोटीवर पाय ठेवत नाही, आणि एकट्याने बोट बाहेर काढायला आपलीच मनाई आहे. आता हा परत मिळालेला परवाना काय चाटायचा आहे?

४. तांबडा सोडला त्याच दिवशी शेजारच्या मोठ्या जहाजावरून मेलेल्या हॅडॉकचे ढीगच्या ढीग समुद्रात लोटताना मी व डॉडने पाहिले. तक्रार केली. त्या जहाजावरील कॅमेऱ्याच्या काचेवर मीठ जमल्याने काही दिसले नाही, असे आपले उत्तर आले.

५. सबब विनंती की, माझे ते ध्वनिमुद्रण पुसावे, नाव उच्चारलेच गेले नाही असा सही-शिक्क्याचा दाखला द्यावा, आणि तो डॉडच्या हाती आपण स्वतः द्यावा, कारण तो माझ्याशी बोलत नाही. दाखला खोटा असेल, हे मला कळते. परंतु ज्या खात्याचा डोळा चिमूटभर मिठाने जातो, त्याचा कान एका शब्दापुरता बहिरा होण्यास हरकत नसावी.

उत्तराची वाट धक्क्यावर बसून पाहणारा,
आपला नम्र,
अलेक्झांडर (सँडी) फ्लेट
दि. ९ नोव्हेंबर

सोबत : बंद पाकीट एक. आत सदर माशाचे नाव. या अर्जाची प्रत नियमानुसार बोटीवर ठेवावी लागते, म्हणून ते वर लिहिलेले नाही. पाकीट कृपया जमिनीवरच उघडावे.