अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा

डाळज, जानेवारी १९५७

प्रिय छबू,

हे पत्र रंगूबाई कासारणीच्या बांगड्यांच्या पेटीतून येतंय. पोस्टातली पत्रं आधी सासरे वाचतात, मग ओट्यावर चारचौघांना वाचून दाखवतात. मी बरी आहे असं लिहायची रीत आहे, पण बहिणीशी खोटं कशाला बोलू? चार वर्षांत विहीर, मळा आणि चूल, एवढंच पाहिलंय. बांधावरून सोलापूरचा रस्ता दिसतो. त्यावर एकटीने पाय ठेवायची सोय नाही. जीव गुदमरतो गं.

मी सातवीची फायनल पास झाले आणि पुण्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं म्हणून अन्न सोडलं, तुला आठवत असेल. आबांनी बापूसाहेब मास्तरांना अवघड गणित घालायला लावलं. मास्तरांनी पाटीवर ओळीने सात एके लिहिले. आबा म्हणाले, "बाकी न ठेवता भागून दाव. दावलंस तर पुणं, न्हाय तर लगीन." एक आणि ती संख्या स्वतः, एवढे दोन भाजक चालणार नव्हते. पण काय देखणी संख्या! उलटी वाचा, सुलटी वाचा, तीच. स्वतःनेच गुणली की सातापर्यंत चढते आणि तशीच उतरते: १२३४५६७६५४३२१. मी तिच्या प्रेमातच पडले. मास्तरांच्या पुस्तकात मूळ संख्यांचा तक्ता होता, तो १९९ ला संपायचा. त्यातल्या एकीनेही भाग जाईना, तेव्हा मी 'भागत नाही' म्हणून सांगून आले. खरं तर तिच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे एक हजार चोपन्नपर्यंत पाहायला हवं होतं. तक्ता संपला म्हणजे संख्या संपल्या, असं मानणारी मोठी शहाणी मी! पंधरवड्यात सुपारी फुटली.

इथे कागद मिळत नाही. धुणं धुताना ओल्या बोटाने दगडावर भागाकार करते. सासूबाई येईपर्यंत ऊन तो पुसून टाकतं. तुझे दाजी मनाने वाईट नाहीत, पण "आकडं मांडून वांग्याला भाव येतुय व्हय?" म्हणून हसतात, तेव्हा फार राग येतो. परवा पुन्हा ती संख्या घेतली. २११, २२३, २२७, २२९, २३३, कशानेच जाईना. २३९ ने गेली. तक्त्यानंतरची सहावीच मूळ संख्या! मी धुण्यावर बसून रडले.

काल रंगूबाईने सांगितलं, आबांनी तुलाही तीच संख्या घातलीय, पुन्हा मास्तरांसमोर. ती फुटत नाही हे त्यांना मीच सांगितलंय ना, म्हणून ते निर्धास्त आहेत. माझ्या चुकीने तुझी वाट अडवलीय, म्हणून हे लिहिते. २३९ गुणिले ४६४९. ताळा सोपा आहे: ४६४९ ची २४० पट ११,१५,७६० होते, त्यातून एकदा ४६४९ वजा कर. घरात सांगू नकोस. शाळेत, मास्तरांपुढे, गावातली चार माणसं असताना फळ्यावर करून दाखव. तिथे आबांना शब्द फिरवता येणार नाही. मग पत्र चुलीत घाल आणि मला भेटायला म्हणून इकडे वळू नकोस. थेट पुण्याला जा.

तुझीच,
सारजाक्का