न लागलेलं दही

११ मार्च
गाईच्या एका सडाला दगडी, म्हणजे कासेची सूज, झालीय. सड गरम, धारेत गाठी. जनावरांचे डॉक्टर सेफ्ट्रियाक्सोन हे प्रतिजैविक टोचून गेले. तीन दिवस टोचायचं आणि ते संपल्यावरही काही दिवस दूध डेअरीला घालायचं नाही. धाकटा दीर शिवा उरलेल्या तीन सडांचं दूध घेऊन ओट्याशी उभा. "वैनी, डेअरीला चालंना. पर घरात वापरलं तर?" मी डबा भरत होते, श्रीरामपूरची बस गाठायची होती. म्हटलं, उकळलं की काही राहत नाही.

१४ मार्च
दही लागलं नाही. लागोपाठ दुसऱ्यांदा. सासूबाई शेजारच्या मंदाताईंना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "इरजन देतानी हात आखडला आसंल."
पातेल्यात पाहिल्याबरोबर मला कळलं. उकळून जंतू मरतात, औषध तसंच राहतं. ते विरजणालाही मारतं. अकरावीला जीवशास्त्र शिकवते मी.
बोलले नाही. पातेलं मोरीत ओतलं. सासूबाई म्हणाल्या, "माजलीस." संध्याकाळी चहा त्याच दुधाचा.

२ ऑगस्ट
तिसऱ्यांदा दगडी. आता मला कोणी विचारत नाही. सासूबाईच सांगतात, "उकळून घ्या, बाईनी सांगितलंय." घरात माझ्या शब्दाला एवढा मान कधीच नव्हता. तो मोडवत नाही.
वर्गात आज प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू. चांगलं शिकवलं. मुलींनी प्रश्नही विचारले.

१९ सप्टेंबर
सासूबाईंना थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ. श्रीरामपूरला दवाखान्यात ठेवलं. नर्सनं सलाईनमधून इंजेक्शन दिलं. बाटलीवरचं नाव वाचलं. सेफ्ट्रियाक्सोन. गोठ्यातलंच.

२२ सप्टें.
ताप हटत नाही. लघवीचा रिपोर्ट आला. या गटातलं एकही औषध त्या जंतूंना लागू पडत नाही. डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी अशी औषधं घेतली होती? मी नाही म्हटलं. इंजेक्शन गाईला दिलं होतं, म्हणजे उत्तर खरंच होतं. असा विचार मला तिथल्या तिथे सुचला, हे लिहून ठेवते.

२३ सप्टें.
राहवलं नाही. जाऊन दुधाचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, दुधामुळेच असं कोण सांगणार? आपल्याकडे साध्या सर्दीलाही लोक या गोळ्या खातात." त्याहून वरच्या औषधाचं इंजेक्शन सुरू केलंय, दोन दिवसांनी कळेल म्हणाले.
क्षणभर किती हलकं वाटलं. त्याची लाज वाटते. दुधामुळे नसेलही. पण मला ते माहीत होतं, आणि मी

२४ सप्टें.
ताप तेवढाच. शिवा थर्मासमध्ये चहा घेऊन आला. गाईचं दुसरं सड सुजलंय, डॉक्टर काल टोचून गेले.
"म्हणजे हे त्याच दुधाचं?"
"उकळलंय की, वैनी. तुमीच सांगितल्यालं."
थर्मास बेसिनमध्ये रिकामा केला. शिवा बघत राहिला. सासूबाईंनी डोळे उघडले. "काय सांडलं गं?"
"चहा."
"कशापायी?"
शिवाही माझ्याकडेच बघत होता. नर्स ताप बघायला आली, तेवढ्यावर निभावलं. ती गेल्यावर सासूबाईंनी पुन्हा विचारलं.